समुद्रावरची जोडी

शिवदास स्टुलावर चढला, नजमुद्दीनच्या दुकानातलं भिंतीवरचं कॅलेंडर त्यानं खिळ्यासकट उपटलं आणि वरूनच ते बायकोपुढे धरलं.

"ही का?"

काशीनं मान वर करून पाहिलं. चित्रातली बाई झोपाळ्यावर बसली होती आणि फेटेवाला पुरुष मागे कडी धरून उभा होता. दोघांचे गाल सारखेच गुलाबी होते.

"न्हाय."

"नीट बघ. बाई आहे, पुरुष आहे, बाग आहे. आणखी काय पाहिजे?"

"ही न्हवं. ती लई मोठी व्हती."

गल्ल्यावर बसलेल्या नजमुद्दीननं कपाळावर हात मारला. तो कापड विकायचा, चित्रं नव्हे, आणि हे या आठवड्यात त्याचं शिवदासला एकदा सांगूनही झालं होतं.

"मास्तर, वहिनींना मोठी तसबीर पाहिजे असेल तर मुंबईहून मागवतो. पण माझा खिळा तेवढा परत ठोका."

शिवदास दिघीच्या बंदरावर आगरदांड्याच्या लाँचची तिकिटं फाडायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. त्यानं खिळा मुकाट्यानं ठोकला. काशी दाराशी गाठोड्यावर टेकली. तिला सातवा महिना होता आणि थोडं चाललं तरी धाप लागायची.

दिघीनं या प्रकरणाचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. कुणाला चिंचेचे डोहाळे लागतात, कुणाला भाजक्या मातीचे. मास्तरांच्या बायकोला चित्रांचे लागले. एकदा तसं ठरल्यावर बायकांनी हात आखडता घेतला नाही. बिस्किटाचे डबे आले, गिरणीच्या कापडाच्या ठाणांवरची रंगीत लेबलं आली, एकीनं तर नवऱ्याच्या नकळत त्याची दाढीची पेटी पाठवली, कारण तिच्या झाकणावर एक मडम होती. काशी प्रत्येक चित्र हातात घेऊन बघायची आणि पाठवणारीचं मन राखत परत करायची. खरं काय ते तिनं एकट्या शिवदासला सांगितलं होतं, तेही रडत.

तो रडण्याचा प्रसंग उगाच आला नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला दिवेआगरला पोचवायचा विषय शिवदासनं काढला आणि काशी एकदम म्हणाली, "मला न्हाय जायचं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

काशी तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. दिवेआगरच्या पुळणीवर संध्याकाळच्या वेळी ती आईच्या खांद्यावर होती. समुद्रावरून एक बाई आणि एक पुरुष येत होते. माडाएवढे उंच. बाईचं लुगडं लाल, पुरुषाचा अंगरखा निळा, आणि दोघंही आतून दिवा लावावा तशी उजळलेली. तिची आई, वेणूबाई, किंचाळली आणि लेकीला घेऊन वाळूत कोसळली. पुढे कोंडाजी भगत आला. त्यानं वेणूबाईचे केस मुठीत धरले, तिच्या नाकाशी मिरच्यांची धुरी दिली आणि सांगितलं, की बुडून मेलेली जोडी आहे, हिच्यावर तिची नजर पडली. हिनं पुन्हा समुद्रावर जायचं नाही. तिन्हीसांजेला हिला कुणी हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही, नाहीतर जोडी अंगात येईल. आणि ती यायची. वेणूबाईची मान डोलू लागायची, नजर माडांत कुठेतरी जायची, आणि काशी शेजारच्या घरी पळायची.

आपणही ती जोडी पाहिली हे काशीनं कुणाला सांगितलं नव्हतं. पाहणाऱ्याचं काय करतात ते तिनं दाराआडून बघितलं होतं. त्यात गावच्या बायका मायेनं जवळ घेऊन सांगायच्या, की असलं काही आईकडून लेकीकडे येतं आणि पहिल्या बाळंतपणात उसळून वर येतं. तेवढं सांगून त्या लोणच्याची फोड हातावर ठेवायच्या. काशी त्या फोडीसकट ती भीती घेऊन सासरी आली होती.

शिवदासनं सगळं ऐकून कान खाजवला.

"भुतं एवढी नटूनथटून हिंडत नाहीत," तो म्हणाला. "तू कुठलं तरी चित्र बघितलं असशील. लहानपणी बघितलेल्याची सरमिसळ होते."

चित्र! हे काशीला कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. चित्र असेल तर ते कुठेतरी असणार, आणि ते सापडलं तर आपलं डोकं शाबूत आहे, बाळंतपणात काही उसळणार नाही. तेव्हापासून ती दोघं दिघीतल्या भिंती पालथ्या घालत होती.

दुकानातून बाहेर पडून ती दोघं धक्क्यावर आली. लाँच यायला अवकाश होता. काशी काथ्याच्या वेटोळ्यावर बसली. जवळच हमदुल्ला तांडेल मांडीवर जुनं शीड पसरून ते सुईनं सांधत होता. त्याची होडी आता मुलगा चालवायचा, पण शिडाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

"काशी, दिघी संपली," शिवदास म्हणाला. "आता एक मशीद तेवढी राहिली, आणि तिथं चित्र नसतं. एखादी खूण सांग. मी म्हसळ्याला, श्रीवर्धनला विचारीन. पण काहीतरी खूण पाहिजे."

काशी बोटानं पदराचं टोक पिळत राहिली. खूण होती. तेवढीच एक तिनं नवऱ्यापासूनही लपवली होती.

"हसायचं न्हाय."

"नाही हसत."

"ती दोघं उलटी व्हती."

"उलटी म्हणजे?"

"पाय वर, आभाळात. डोकी खाली, पाण्याकडं." तिनं मान खाली घातली. "तशीच येत व्हती. उलटी."

शिवदास हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं काशीला वाटलं. दोन आठवडे स्टुलांवर चढणारा तो माणूस समुद्राकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरला. उलटं चित्र कुठल्या भिंतीवर असतं? तो घाबरला होता. काशीला ते दिसलं.

"उलटी?" मागून आवाज आला.

हमदुल्लानं सुई थांबवली होती. "पोरी, बाप्याला डोकं व्हतं काय?"

काशी वळली. असलं कुणी विचारेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. "बाईला व्हतं. बाप्याचं पाण्यात गेलं व्हतं."

"पाण्यात कशाला जातंय? मी कापलं!" हमदुल्ला म्हणाला आणि हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शिवदासला त्याची पाठ चोळावी लागली. "या अल्ला! आमचं शीड व्हतं ते. आमच्या शिडावर व्हती ती दोघं!"

हमदुल्लाचं घर धक्क्याच्या मागेच होतं. त्याच्या बायकोनं, गुलबानूनं, काशीचं पोट बघून आधी तिला पाट दिला, मग पाणी, मग नारळाची वडी, आणि त्यानंतरच काय झालं ते विचारलं. हमदुल्लाला सांगायला हुरूप आला होता.

मुरुडला एक नाटक कंपनी आली आणि तिथंच बुडाली. मालकानं परतीच्या वाटेसाठी पडदे विकायला काढले. हमदुल्लाच्या बापानं गुंडाळलेलाच एक पडदा घेतला, कारण कापड जाड होतं आणि होडीला नवं शीड हवं होतं. घरी आणून अंगणात उलगडला, तर आत बाग, कारंजं, पौर्णिमेचा चंद्र, आणि राजपुत्र राजकन्येचा हात धरून उभा.

"माझ्या सासूनं तर पदरानं डोळेच झाकले," गुलबानू म्हणाली. "आणि पदरातून बघत राहिली."

"बाबा बोलला, माणसांची तसबीर होडीवर न्हाय चालायची," हमदुल्ला पुढे सांगू लागला. "नमाजी माणूस. पण कापड टाकवंना. मग मीच अक्कल चालवली. म्हटलं, बाबा, डोकी कापू आन् उलटं शिवू. उलटं लावलं की तसबीर राहत न्हाय, नुसता रंग राहतो. बाबाला पटलं. पण ती बाई जरा वाकलेली व्हती. माझी कात्री बाप्याच्या मानंवरनं गेली, आन् बाईचं डोकं वाचलं."

"मग लोकांना दिसलं कसं नाही?" शिवदासनं विचारलं.

"दिवसा काय दिसायचं? डाग दिसायचे. सांजच्याला सूर्य शिडामागं आला म्हंजे मातुर बाई लालेलाल उठायची. मग मशिदीतले लोक बाबाला चिडवाया लागले, तांडेल, आज बेगमला कुठं फिरवलंस? बाबानं कड दुमडून पक्की शिवली आन् ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात शीड उकळून काढलं. झालं, सगळं तपकिरी."

"दिवेआगरला एक बाई घाबरून पडली व्हती," काशी हळूच म्हणाली. "तुमास्नी कळलं न्हाय?"

"जोडी लागली असं ऐकलं व्हतं, पोरी. शिडाचं आमाला कुणी विचारलंच न्हाय."

गुलबानू मागच्या पडवीत गेली. सरपणावर झाकलेलं एक तपकिरी फडकं तिनं झटकून आणलं. त्यावर काहीच दिसत नव्हतं. काशीचा चेहरा पडला. गुलबानूनं कडेची दुमड शोधली, दातानं टाका तोडला आणि शिवण उसवत गेली. दुमडीच्या आत सालीचं पाणी पोचलं नव्हतं. तिथं बोटभर रुंदीचा निळा पट्टा निघाला, मग लाल काठ, आणि काठाखाली बाईच्या पायाची बोटं, जोडव्यांसकट.

काशीनं त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं. रंग खरखरीत होता. कुठंतरी, कुणीतरी, भर दुपारी शिडीवर उभं राहून ही जोडवी रंगवली होती.

"हीच," ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडू लागली.

शिवदास भांबावला. गुलबानूनं त्याला बाहेर काढलं. "रडू दे तिला. हे बरं रडणं हाय," ती म्हणाली, आणि फडक्याची घडी करून तिनं ती काशीच्या ओटीत घातली.

बोर्लीवरून दिवेआगरला जाणाऱ्या बैलगाडीत शिवदासनं तिच्या पाठीमागे उशी लावली आणि वाटभर तो बडबडत होता. मी म्हटलं नव्हतं, चित्रच असणार? काशीनं त्याला म्हणू दिलं. इतकं हलकं तिला लग्नातही वाटलं नव्हतं. आता तिच्या मनात एकच गोष्ट होती: आईला सांगायचं. सोळा-सतरा वर्षं आई स्वतःला झपाटलेली समजत आली, समुद्राच्या गावात राहून समुद्राकडे पाठ फिरवून बसली. तिला सांगायचं, की तुला काही झालेलं नाही.

दिवेआगरला पोचेपर्यंत उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. वेणूबाई मागच्या पडवीत सुपारी सोलत बसली होती. तिची सासू आवडाबाई आत माजघरात पडून होती. म्हातारीला आता कमी दिसायचं, पण जिभेची धार गेली नव्हती. शिवदास विहिरीवर पाय धुवायला गेला, आणि काशीनं आईसमोर बसून ते फडकं उलगडलं.

"आये, ही बघ जोडी."

तिनं एका दमात सगळं सांगितलं. पडदा, कात्री, उलटं शिवलेलं शीड. वेणूबाईचा हात सुपारीवर चालतच होता, मग थांबला.

"भूत न्हवतं गं," काशी म्हणाली. "कापड व्हतं. तुला कायबी झालं न्हवतं."

वेणूबाईनं हात लुगड्याला पुसले. फडकं उचलून उजेडात धरलं आणि न उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"तेव्हा टाके लांब लांब व्हते," ती म्हणाली. "हे मागनं शिवलंय."

काशी पुढे सरकली.

"तुला कसं ठावं?"

वेणूबाईनं आधी माजघराच्या दाराकडे पाहिलं.

"पयल्या दिशी मी खरंच घाबरले. आईशपथ. मरते की काय वाटलं. दुसऱ्या सांजेला इथंच पडले व्हते, अंगात त्राण न्हवतं. तीच होडी माडांतनं दिसली. अगदी किनाऱ्याजवळनं गेली. टाके दिसले मला. ढोबळ, पांढऱ्या सुताचे. म्हटलं, आत्ता गं बया, हे तर शीड हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"उठलेच व्हते सांगाया," वेणूबाई म्हणाली. "तेवढ्यात ध्यानात आलं, कालपासनं मला कुणी हाक मारली न्हाय."

तिची बोटं फडक्याची कड सारखी करत होती.

"तुला ठावं न्हाय काशे. तुझा बा मुंबईला. पहाटेपासनं रहाटावर मी. घास तोंडात घातला की ही आतली म्हातारी हाक मारायची. तू तान्ही, अंगावर पीत असायचीस तरी हाक मारायची. त्या दिशी मी निवांत भात जेवले. सगळा. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या. समुद्र तेवढा गेला माझा. बाकी जीव वाचला."

"आन् मी?" काशीचा आवाज चढला. "मी बी पाहिली व्हती! तुझ्या खांद्यावरनं. तेव्हापासनं मला वाटतंय मी बी येडी हाय. आता प्वार होताना..."

वेणूबाईच्या हातातून फडकं गळलं.

"तू निजली व्हतीस."

"जागी व्हते."

"मला वाटलं निजलीस. कधी बोलली न्हाईस गं."

"तुझे केस धरले व्हते त्यानं. माझे बी धरतील म्हून."

वेणूबाईनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. तिचे हात सुपारीच्या सालींनी काळे पडले होते आणि काशीच्या गालांवर त्यांचे डाग उठले. तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली ओघळलं. काशीचा राग तिथंच विरला. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती गोष्ट म्हणजे सरपणावर टाकलेलं एक चिंधूक! आधी हसू कुणाला फुटलं ते कळलं नाही. दोघी तोंडाला पदर लावून हलत होत्या.

"वेणू गं!" आतून आवडाबाईचा आवाज आला. "काशी आली व्हय? आन् तुमी काय दात काढताय? जावई दारात, चा न्हाय ठेवायचा? उठ, हल!"

वेणूबाईनं डोळे पुसले. मग काशीच्या देखत तिनं खांदे सैल सोडले, नजर माडांत लावली, आणि तिची मान हळूहळू डावी-उजवीकडे डोलू लागली. घशातून बारीक हुंकार निघाला. काशीच्या अंगावर सवयीनं काटा आला.

माजघरातून म्हातारीचा आवाज आला, पार खाली उतरलेला.

"बस गं बाय. तिन्हीसांज झाली, ध्यानातच न्हाय ऱ्हायलं. बस तू. मी ठेवते चा."

आत भांडं वाजलं, फळीवरून डबा सरकला. काशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

"आलं घालाया सांगू काय?" मान तशीच डोलवत, ओठ न हलवता वेणूबाईनं विचारलं.